आर्स नोटोरिया वाचायचीय? मग आधी चित्रं उघडा

"मावशी, ते सॉलोमनचं पुस्तक आहे ना, मंत्र म्हटले की सगळा सिलॅबस पाठ होतो, ते खरंच आहे का गं?" मैत्रिणीच्या मुलाने विचारलं. बारावीत आहे, फिजिक्सने छळलंय, आणि कुठल्यातरी रीलमध्ये त्याला गोल गोल आकृत्यांचं एक जुनं पान दिसलं होतं. मी म्हटलं पुस्तक खरं आहे, आर्स नोटोरिया म्हणतात त्याला, आकृत्या खऱ्या आहेत, ८०० वर्षांपूर्वीची भानगड आहे आणि तू ती आत्ता मोबाईलवर फुकट उघडून बघू शकतोस, पाठ होण्याचं मात्र नंतर बोलू. मग त्याला जे तासभर सांगितलं तेच इथे लिहून काढतेय, कारण हे सगळं मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी पहिले चारपाच महिने चुकीच्या टोकाकडून सुरुवात करून वाया घालवले.

चुकीचं टोक म्हणजे काय, तर मी आधी नुसता मजकूर वाचला. चित्रं नंतर बघू म्हटलं. आणि या पोथीत नेमकं उलटं आहे, चित्र हीच मुख्य गोष्ट आहे, प्रार्थना त्या चित्रासाठी आहेत. नावच बघा ना, नोटोरिया म्हणजे इंग्रजीतलं बदनाम वगैरे काही नाही, लॅटिनमध्ये नोटा म्हणजे खूण, आकृती. आकृत्यांची विद्या. आता आकृत्याच काढून टाकल्या तर उरलं काय?

आधी अर्धा तास, हे आहे काय ते समजून घ्या

बाराव्या शतकाचा शेवट किंवा तेराव्याची सुरुवात, उत्तर इटलीचा भाग, तिथे हा लॅटिन ग्रंथ तयार झाला असं अभ्यासक मानतात. ग्रंथ स्वतः मात्र म्हणतो की मी राजा सॉलोमनचा. बायबलमध्ये गोष्ट आहे, देव सॉलोमनच्या स्वप्नात येतो, माग काय पाहिजे ते म्हणतो, आणि हा धनदौलत मागत नाही, शहाणपण मागतो. त्या गोष्टीला इथे शेपूट जोडलंय, की ते शहाणपण पाम्फिलियस नावाच्या देवदूताने सोन्याच्या पाट्यांवर लिहून आणून दिलं आणि पुढे अपोलोनियस नावाच्या तत्त्वज्ञाने त्याच्यावर भाष्य केलं, त्या भागाचं नावच सोनेरी फुलं असं आहे. ऐतिहासिकदृष्ट्या सॉलोमनचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, जुन्या मोठ्या माणसाच्या नावावर ग्रंथ खपवायची पद्धत आपल्याकडे होती तशीच तिकडेही होती.

मिळतं काय याने? चार गोष्टी: स्मरणशक्ती, वक्तृत्व, आकलन आणि हे तिन्ही टिकून राहणं. चौथी मला फार आवडते, कारण ज्याने कोणी हे लिहिलं त्याला परीक्षेनंतर सगळं विसरायला होतं हे पक्कं माहीत असणार. आणि त्यावर मग एकेक विषय. त्या काळच्या विद्यापीठात सात विद्या असायच्या, व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल, वर तत्त्वज्ञान आणि देवशास्त्र. प्रत्येकाच्या स्वतंत्र आकृत्या, व्याकरणाला ३, तर्काला २, वक्तृत्वाला ४, असं पुढे.

हे कोणाला हवं असेल? विद्यार्थ्यांना, दुसऱ्या कोणाला! पॅरिस विद्यापीठाचे १२१५ चे नियम आहेत, त्यात म्हटलंय की कलाशाखेत शिकवायला उभं राहायचं तर आधी किमान ६ वर्षं शिकलेलं असलं पाहिजे आणि वय एकविसाव्या वर्षात हवं. पुस्तकं हाताने लिहिलेली, चामड्यावर, महाग. आणि इकडे एक ग्रंथ म्हणतोय की ६ वर्षं कशाला, काही महिन्यांत देतो. आजच्या क्लासवाल्यांच्या जाहिराती आठवल्या ना?

इथे दोन गल्लती नवीन लोक हमखास करतात, त्या आत्ताच मिटवू. एक, हे मेमरी पॅलेस नाही. आपल्या ओळखीच्या घरात मनानेच फिरायचं आणि खोल्याखोल्यांत गोष्टी ठेवायच्या, ती रोमन वक्त्यांची युक्ती वेगळी, त्यात मेहनत तुमची असते. इथे मेहनत उपासाची आणि जपाची, विद्या वरून येते, देवदूतांकडून. दुसरं, गोएतिया. सॉलोमनच्या नावाने ७२ भुतांची यादी असलेलं जे प्रकरण गेम्समध्ये आणि सिरीजमध्ये फिरतं ते वेगळं आहे. सतराव्या शतकात कोणीतरी ही सगळी पुस्तकं एका बाडात बांधली, लेमेगेटन म्हणतात त्याला, त्यात गोएतिया पहिली आणि आर्स नोटोरिया शेवटची, म्हणून लोकांना वाटतं एकच मामला आहे. नोटोरियात भूत बोलावणं नाही, वर्तुळात उभं राहून धमक्या देणं नाही. आहे ते प्रार्थना, कबुलीजबाब, उपास, ब्रह्मचर्य, आणि आकृतीकडे टक लावून बघणं.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला यात परकं वाटण्यासारखं खरं तर फार नाही. अथर्वशीर्षाची फलश्रुती कितीजणांना पाठ असेल, चतुर्थीला काही न खाता जप करतो तो विद्यावान होतो. संकटनाशन स्तोत्रात विद्यार्थ्याला विद्या मिळते आणि वर ६ महिन्यांत फळ मिळेल अशी मुदतसुद्धा दिलीय. नोटोरियात पण महिने मोजलेत, चंद्राचे दिवस मोजलेत, उपास आहे. एकाने दुसऱ्याकडून घेतलंय असं कृपा करून कोणी लिहू नका, तसं काही नाहीये, माणसाला अभ्यासाची धास्ती सगळीकडे सारखीच वाटते एवढंच.

मग मजकूर, पण झटपट

इंग्रजी येत असेल तर १६५७ साली लंडनमध्ये छापलेला रॉबर्ट टर्नरचा अनुवाद वाचा, कॉपीराइट कधीच संपलाय, नाव टाकून शोधलं की मिळतो. भाषा जुनी आहे, वाक्य संपतच नाही, अर्ध्यात आपण कुठे होतो तेच विसरायला होतं आणि मग हसू येतं की स्मरणशक्तीचं पुस्तक वाचताना हे होतंय. एका बैठकीत उरकायचा प्रयत्न करू नका. तीन दिवस घ्या आणि वाचताना फक्त एवढीच खूण करत जा: इथे प्रार्थना, इथे सूचना, इथे कुठल्यातरी आकृतीचा उल्लेख.

तिसरी खूण महत्त्वाची आहे. कारण टर्नरच्या छापील पुस्तकात या आकृत्या नाहीतच! त्याने ज्या लॅटिन छापील मजकुरावरून भाषांतर केलं, अग्रिप्पा या सोळाव्या शतकातल्या गूढविद्येच्या लेखकाच्या समग्र ग्रंथांच्या मागे जोडलेला होता तो, त्यातच त्या नव्हत्या. म्हणजे वाचताना सारखं येतं की आता व्याकरणाची पहिली आकृती समोर ठेव, आणि समोर काही नाही. मला आधी वाटलं माझी पीडीएफ अर्धवट आहे, दुसरी उतरवली, मग तिसरी, तिन्ही तशाच. साडेतीनशे वर्षं इंग्रजी वाचकांनी ही पोथी अशीच चित्रांशिवाय वाचली, म्हणजे रेसिपीच्या पुस्तकात साहित्याची यादी फाडून टाकलेली असावी तसं. नंतर लोकांनी त्या रिकाम्या जागा आपापल्या कल्पनेने भरल्या, त्यातले काही नमुने नेटवर बघाल तर डोक्याला हात लावाल.

लॅटिनची ज्यांना सवय आहे किंवा शिकायची तयारी आहे त्यांच्यासाठी झ्युलियन व्हेरोनेज या फ्रेंच अभ्यासकाने २००७ मध्ये फ्लॉरेन्सहून काढलेली संपादित आवृत्ती हीच आधाराची. त्याने पन्नासेक हस्तलिखितं चाळून मजकुराचे टप्पे लावले. सोप्या भाषेत सांगायचं तर दोन मुख्य रूपं आहेत. जुनं रूप, नुसता मूळ मजकूर, ज्यात विधी नेमका कसा करायचा ते तुकड्यातुकड्यांत आणि बरंचसं मोघम. आणि चौदाव्या शतकातलं दुसरं रूप, ज्यात मुळाच्या भोवती टीका लिहिलीय, पहिल्या दिवशी हे, मग ते, असा साधारण ४ महिन्यांचा कार्यक्रम. आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांत मूळ श्लोक मध्ये मोठ्या अक्षरात आणि टीका वर-खाली बारीक अक्षरात असते ना, डोळ्यांना ते ओळखीचं वाटेल.

आता पान उघडा

दोन हस्तलिखितं पुरेत, जास्त गोळा करू नका, मी ११ टॅब उघडून बसले होते आणि एकही धड बघितलं नाही.

पहिलं, येल विद्यापीठाच्या बायनिकी लायब्ररीतलं मेलन १. साधारण १२२५ चं, आपल्याला माहीत असलेल्यांतलं सगळ्यात जुनं. दुसरं, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातलं लॅटिन ९३३६, चौदाव्या शतकातलं, टीकेसकट आणि चित्रं अशी की बघत राहावं, आकृत्यांच्या आजूबाजूला पंखवाले देवदूत उभे. पॅरिसवाल्यांचं डिजिटल ग्रंथालय गॅलिका नावाने आहे. तिथे नुसतं आर्स नोटोरिया टाकून शोधलंत तर काहीबाही येतं, कारण तिथे सगळं क्रमांकावर चालतं. लॅटिन हा शब्द आणि पुढे ९३३६, असं टाका, किंवा त्यांच्या हस्तलिखितांच्या कॅटलॉगमधून त्या क्रमांकाच्या नोंदीवर जा, तिथून लिंक मिळते. साइट फ्रेंच आहे, घाबरू नका, ब्राउझरचं भाषांतर चालू करा.

आता एक गोष्ट जी न कळल्यामुळे मी रडकुंडीला आले होते. स्क्रीनवर जो इमेजचा नंबर दिसतो तो पानाचा नंबर नव्हे. पुठ्ठा, आतलं कोरं पान, सगळ्याचा फोटो काढलेला असतो, त्यामुळे इमेज २५ म्हणजे पोथीचं पान ९ किंवा १० असं काहीही असू शकतं. आणि हस्तलिखितात पानाला नंबर एकच, दोन्ही बाजूंना मिळून, आपल्या पोथीसारखंच, म्हणून पुढची बाजू आणि मागची बाजू असं वेगळं सांगावं लागतं, लॅटिनमध्ये रेक्टो आणि व्हेर्सो. नंबर पुढच्या बाजूला वर कोपऱ्यात लिहिलेला असतो, झूम केला की दिसतो. लेखात कोणी १८ व्हेर्सो लिहिलं असेल तर १८ आकडा असलेलं पान शोधा आणि एक इमेज पुढे जा.

उघडलं? आता अर्धा तास काहीही वाचू नका. खरंच. नुसतं पान उलटत जा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि बघा आकृत्या कुठे सुरू होतात. मेलन १ मध्ये आणि ९३३६ मध्ये सारख्याच विषयाची आकृती किती वेगळी काढलीय ते बघा. वर्तुळात वर्तुळं, चौकोन, झाडाला फांद्या फुटाव्यात तशा रेघा, त्यांच्या टोकाला फुलाबोंडासारखे गोल, आणि त्या गोलांच्या आत बारीक लिहिलेलं. काही प्रतींत व्याकरणाच्या आकृतीत नाम, सर्वनाम, क्रियापद वगैरे शब्दांच्या जातींची नावं गोलांमध्ये भरलेली दिसतात, म्हणजे चक्क चार्ट! शाळेच्या भिंतीवर लावतात तसा. मला इथे पहिल्यांदा पटलं की हे बनवणारा माणूस नुसता मांत्रिक नव्हता, मास्तर पण होता.

दोन खिडक्या शेजारी-शेजारी

मोठ्या लायब्ऱ्या आता त्यांच्या इमेजेस एका समान पद्धतीने देतात, ट्रिपल आय एफ म्हणतात तिला. त्याचा फायदा असा की येलची पोथी आणि पॅरिसची पोथी एकाच स्क्रीनवर शेजारी लावता येते. मिराडॉर नावाचा फुकट व्ह्यूअर आहे, ब्राउझरमध्येच चालतो. प्रत्येक पोथीच्या नोंदीत मॅनिफेस्ट नावाची एक लिंक असते, ती कॉपी करून मिराडॉरमध्ये पेस्ट केली की अख्खी पोथी उघडते. मोबाईलवर करू नका हे, लॅपटॉप घ्या, नसेल तर कोणाचा तरी मागून आणा.

डावीकडे मेलन, उजवीकडे ९३३६, आणि तिसरीकडे टर्नरचा मजकूर उघडा ठेवा. व्याकरणाच्या पहिल्या आकृतीपाशी तिन्ही आणून थांबा. आणि मग कागद पेन्सिल घ्या आणि ती आकृती हाताने काढा. माझी चित्रकला चौथीतल्या मुलीची आहे तरी मी काढली, आणि काढताना कळलं की डाव्या पोथीत ज्या गोलाला तीन फांद्या आहेत त्याला उजव्या पोथीत चार आहेत, नुसतं बघून हे चार दिवस दिसलं नव्हतं. नक्कल करणाऱ्यांचा हात घसरलाय, किंवा मधल्या १०० वर्षांत कोणीतरी सुधारणा केलीय. गंमत म्हणजे विधीत साधकाला हेच सांगितलंय, आकृती समोर ठेव, नीट न्याहाळ, प्रार्थना म्हणत पुन्हा पुन्हा न्याहाळ.

अक्षरं

इथे बरेच जण सोडतात. सोडू नका, सगळं वाचायचंच नाहीये.

आधी लाल शाईतलं तेवढं वाचा. शीर्षकं आणि सूचना बहुतेक लाल असतात. ओरात्सियो दिसलं की प्रार्थना, नोटा म्हणजे आकृती, इन्सिपित म्हणजे इथून सुरू, एक्सप्लिसित म्हणजे इथे संपलं. एवढ्या चार शब्दांवर अख्ख्या पोथीचा नकाशा हाताने काढता येतो, आणि तो काढाच, कुठल्या पानावर काय, वहीत.

मग काळी अक्षरं. चामडं महाग म्हणून लिहिणारे शब्द भयंकर आखडतात. मोडी शिकलेल्यांना हे समजावायला लागणार नाही, तिथे राजश्रीचं नुसतं रा होतं तसंच. शब्दाच्या डोक्यावर आडवी रेघ म्हणजे मधलं काहीतरी गाळलंय, बरेचदा एम किंवा एन. देव, प्रभू, येशू असे पवित्र शब्द तर कायमच दोन-तीन अक्षरांत, डी आणि एस वर रेघ म्हणजे देउस. पी च्या खालच्या दांडीला छेद देणारी रेघ असेल तर पेर. इंग्रजी सातासारखं एकटं चिन्ह म्हणजे एत, म्हणजे आणि. नवासारखं चिन्ह शब्दाच्या शेवटी वर चिकटलेलं असेल तर उस, सुरुवातीला असेल तर कोन किंवा कोम. आणि सगळ्यात छळवादी प्रकार म्हणजे आय, यू, एन, एम ही चारही अक्षरं नुसत्या उभ्या दांड्यांची, आय एक दांडी, यू आणि एन दोन-दोन, एम तीन, ओळीत सात दांड्या लागून आल्या की बसा मोजत. काप्पेल्ली नावाच्या इटालियन माणसाने १८९९ मध्ये या आखूड रूपांचा कोशच छापला, तो अजूनही सगळे वापरतात आणि ऑनलाइन आहे.

हल्ली ट्रान्सक्रिबससारखी सॉफ्टवेअर आहेत जी फोटोवरून हस्ताक्षर वाचून टाइप करून देतात. साध्या लॅटिन मजकुराला मदत होते. पण याच पोथीत जिथे खरी गरज पडते तिथे ते झोपतं, का ते पुढच्या भागात.

ते न कळणारे शब्द

प्रार्थना चालू असते, छान लॅटिन, हे सर्वशक्तिमान देवा वगैरे, आणि मध्येच माळ सुटते: हेली, शेमात, आमाझाझ, हेमेल... टर्नरमध्ये अशी एक आहे. ही कुठली भाषा? ग्रंथ म्हणतो खाल्डियन, हिब्रू, ग्रीक यांची मिसळ. कुठे कुठे हिब्रू किंवा ग्रीकचा वास येतो, देवाचं नाव वगैरे ओळखू येतं, बाकी अर्थ लावायला गेलात तर हाती काही लागत नाही. आणि ग्रंथ स्वतःच बजावतो की याचं पूर्ण भाषांतर होत नाही, पाठोपाठ जी लॅटिन प्रार्थना येते ती म्हणजे याचा अर्थ आहे असं समजू नका. बीजमंत्राचा अर्थ काय असं आजोबांना विचारल्यावर ते जसे बघायचे, तसं.

सॉफ्टवेअर इथेच गळपटतं, कारण ते पुढचा शब्द काय असू शकतो त्या अंदाजावर चालतं आणि इथे अंदाजाला जागाच नाही. आणि माणूसही इथेच गळपटायचा! तेराव्या शतकातल्या लेखनिकालाही हे शब्द कळत नव्हते, तो अक्षर बघून अक्षर काढत होता, त्यामुळे एन चा यू झाला, एक शब्द तुटून दोन झाले, दोन चिकटून एक झाला. म्हणून इथे काय करायचं, तर एक्सेल उघडा, पहिल्या कॉलममध्ये टर्नरचं रूप, दुसऱ्यात मेलन, तिसऱ्यात ९३३६, एकेक शब्द खाली खाली. वीस शब्द झाले की तुम्हाला दिसायला लागतं की कोणाचं कुठे चुकलं. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणात सगळ्यात मजेदार काम हेच. एखादा शब्द वाचताच येत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे जा, दडपून काहीतरी बसवू नका.

चंद्राचे दिवस

विधीचं वेळापत्रक समजून घ्यायला आपल्याला एक आयती सोय आहे, कालनिर्णय. ठराविक प्रार्थनांसाठी चंद्राचे दिवस दिलेत, ४, ८, १२, १६, २०, २४, २८ आणि ३०. अमावस्येनंतर मोजायचे, म्हणजे चौथा दिवस साधारण शुद्ध चतुर्थी, विसावा साधारण वद्य पंचमी. युरोपातल्या वाचकाला यासाठी वेगळा तक्ता शोधावा लागतो, आपल्या भिंतीवर तो टांगलेला आहे. दिवसाच्या वेळा म्हणाल तर पहाट, मग तिसरा तास, तिसरा प्रहर म्हणू नका हं, त्यांचा तिसरा तास म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास, मग दुपार, मग नववा तास म्हणजे दुपारी तीनच्या आसपास, मठातल्या प्रार्थनांच्या वेळा आहेत या. एका महिन्याचं पान घेऊन त्यावर खुणा करून बघा, मग कळतं की हे करणाऱ्या माणसाला दुसरं काही करायला वेळच उरत नसणार. एका अर्थी तो ४ महिने फक्त अभ्यासालाच बसलेला असायचा, वेळेवर उठून, मोजकं खाऊन, एकाच विषयाच्या तक्त्याकडे बघत. फिजिक्सवाल्याला मी म्हटलं, एवढं तू नुसतं पुस्तक समोर ठेवून केलंस तरी...

तो म्हणाला, कळलं मावशी.

करून बघायचं का?

नको. आणि हे मी भुताची भीती घालायला म्हणत नाहीये, लांबलचक उपास आणि अपुरी झोप यांनी भास व्हायला देवदूत लागत नाहीत. त्या काळातही दोन्ही बाजूंनी लोक बोलून गेलेत. थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने तेराव्या शतकात स्पष्ट लिहिलंय की ही विद्या निषिद्ध आहे आणि वर निरुपयोगीही आहे. आकृत्या आणि अनोळखी शब्द यांच्यात ज्ञान निर्माण करायची ताकद नाही, त्या नुसत्या खुणा, आणि खूण म्हटली की ती कोणाला तरी उद्देशून असते, मग ती कोणाला, असा त्याचा वकिली मुद्दा.

दुसरा माणूस मला जास्त जवळचा वाटतो. जॉन, फ्रान्समध्ये एतांपजवळच्या मोरिन्यी मठातला बेनेडिक्टाइन साधू. याने तरुणपणी शिकायला पैसा आणि वेळ नाही म्हणून खरोखर हा विधी केला. फायदा झाला असंही म्हणतो, पण मग भयानक दृष्टान्त सुरू झाले, शेवटी मेरी मातेने दर्शन देऊन हे सोड म्हणून सांगितलं. त्याची बहीण, १५ वर्षांची, तिला लिहायला वाचायला शिकायचं होतं, तर याने तिलाही यातून शिकवलं, ती काही महिन्यांत वाचायला लागली आणि मग तिलाही रात्री काय काय दिसायला लागलं, तिनेही सोडलं. चौदाव्या शतकातल्या खेड्यातली एक मुलगी वाचता यावं म्हणून हे सगळं करते, मी त्या पानांवर बराच वेळ अडकले होते. जॉनने पुढे मेरीच्या परवानगीने म्हणून स्वतःचं वेगळं प्रार्थनांचं पुस्तक केलं, १३०१ ते १३१५ या काळात थोडं थोडं लिहीत, आणि १३२३ मध्ये ते पॅरिसमध्ये जाळलं गेलं, फ्रान्सच्या राजांच्या बखरीत तशी नोंद आहे. तरी त्याच्या वीसहून जास्त प्रती आज युरोपभर सापडल्यात. नोटोरिया वाचून झाली की पुढचं वाचन म्हणून हाच घ्या, २०१५ मध्ये त्याची लॅटिन संपादित आवृत्ती टोरंटोहून आली, फॅन्जर आणि वॉटसन या दोघांनी केलेली.

जपून ठेवायचं कसं

नेटवर आहे म्हणजे कायम आहे असं धरून चालू नका. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि त्यांची डिजिटल हस्तलिखितं कितीतरी महिने उघडेनात, आणि या विषयातली बरीच बाडं, स्लोन संग्रहातली, त्यांच्याकडेच आहेत. चामडं शाबूत आणि फोटो गायब. म्हणून ज्या पानांवर काम करताय ती उतरवून घ्या. गॅलिकावर गैरव्यावसायिक वापराला पैसे नाहीत, फक्त ग्रंथालयाचं नाव द्यायचं. टीशर्टवर छापून विकायचं असेल तर मात्र परवानगी आणि फी बघा, आणि दुसऱ्या लायब्ररीचे नियम वेगळे असतात तेही वाचा.

आणि फाइलला नाव देताना आळस करू नका. माझ्याकडे स्क्रीनशॉट ४७, स्क्रीनशॉट ४८ असे २०० फोटो जमले होते आणि त्यातला कुठला कुठल्या पोथीचा ते आजही लागत नाही, त्यातल्या एका फोटोत तर्काची इतकी सुरेख आकृती आहे की काय सांगू. तेव्हा शहर, क्रमांक, पान, बाजू, विषय, या क्रमाने: पॅरिस, लॅटिन ९३३६, पान अमुक, मागची, व्याकरण १. फोटो उतरवल्या उतरवल्या द्या, रात्री देईन म्हणून ठेवू नका.